'बॅक टू ब्लॅक'चा साऊंड प्लगइनमध्ये का सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बहीण चांगली गाते, तिच्यासाठी लॅपटॉपवर एक सोल टाइपचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या भावभऱ्या गाण्यांच्या ढंगाचा) ट्रॅक बनवलाय, टेपचे, व्हिनाइलचे, जुन्या प्रीअँपचे सगळे प्लगइन (आवाजाला त्या यंत्रांसारखा रंग देणारी सॉफ्टवेअरं) लावून झाले तरी ब्रिटिश गायिका अ‍ॅमी वाइनहाऊसच्या 'बॅक टू ब्लॅक'सारखं काही केल्या वाटत नाही, आणि वर तो अल्बम जॅझ म्हणायचा का सोल यावरून मित्रांशी वाद चाललाय. मी बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय आणि "आम्हाला अ‍ॅमीसारखं पाहिजे" ही मागणी दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी घेऊन येतंच, त्यामुळे यावर मनापासून बोलायचंय, उत्तर लांब होईल.

आधी मुद्द्याचं सांगतो. तो साऊंड मिक्समध्ये, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज जुळवताना, बनलेलाच नाही. माईकसमोर जे वाजलं तेच तसं होतं, मिक्सनी ते फक्त नीट मांडलं. तुम्ही शेवटच्या पायरीवर जे शोधताय ते पहिल्या पायरीवर आहे, म्हणजे कोण वाजवतंय, किती वाजवतंय, कुठल्या खोलीत वाजवतंय आणि गाणारी लयीच्या कुठे उभी आहे.

आता तो वाद. अ‍ॅमीचा पहिला अल्बम 'फ्रँक' आला २००३ मध्ये, तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. त्यात जॅझ सरळसरळ वर दिसतं, गिटारवर सेव्हन्थ-नाइन्थचे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे भरगच्च समूह), मोकळ्या वळणाच्या चाली, खाली हिप-हॉपचा बीट. ती लहानपणापासून सारा व्हॉन, डायना वॉशिंग्टन ऐकत वाढलेली, ब्रिटनच्या नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गायलेली, त्यामुळे ते तिच्या अंगातच होतं. मग २००६ च्या ऑक्टोबरमध्ये 'बॅक टू ब्लॅक' आला आणि चित्र पालटलं. गाणी छोटी झाली, अख्खा अल्बम साधारण ३५ मिनिटांत संपतो, कॉर्ड कमी झाले, साठच्या दशकातल्या मुलींच्या ग्रुपचा, मोटाउन या अमेरिकन सोल लेबलचा, डू-वॉपचा म्हणजे जुन्या कोरसच्या गाण्यांचा बाज आला. म्हणून लोक म्हणतात हा सोल अल्बम, आणि बँडपुरतं ते बरोबरच आहे. पण गळा जॅझचाच राहिला. बँड चौकटीत वाजतोय आणि गाणारी त्या चौकटीत मागेपुढे सरकतेय, ओळ कुठे तोडायची, कुठला शब्द ओढायचा, कुठला गिळून टाकायचा हे सगळं जॅझ गाणाऱ्या बाईचं शहाणपण आहे. टोनी बेनेटसारख्या मुरलेल्या जॅझ गायकानी मार्च २०११ मध्ये अ‍ॅबी रोडला तिच्याबरोबर 'बॉडी अँड सोल' रेकॉर्ड केलं, ते तिचं शेवटचं स्टुडिओ रेकॉर्डिंग ठरलं, ते एकदा ऐका म्हणजे शंका उरणार नाही. तर मित्रांना सांगा, बँड सोलचा, गळा जॅझचा. आणि हा अल्बम बनतो तो या दोघांमधल्या ताणामुळे, नुसता बँड किंवा नुसता गळा कॉपी करून तो हाती लागत नाही.

अल्बमचे प्रोड्यूसर दोन. ११ पैकी ६ गाणी मार्क रॉन्सनची, ५ सलाम रेमीची. रेमी 'फ्रँक'पासूनच तिच्याबरोबर होता, त्याचं काम मायामीला चालायचं. रॉन्सन न्यूयॉर्कला. ती आणि रॉन्सन भेटले २००६ च्या सुरुवातीला, तिनी त्याला शांग्री-लाज वगैरे जुने गर्ल ग्रुप ऐकवले, त्यानी रात्रीतून पियानोवर एक पॅटर्न बसवला, खाली किक (पायानी वाजवायचा मोठा ड्रम) आणि वर भरपूर रिव्हर्ब म्हणजे घुमारा टाकलेली खंजिरी, आणि दुसऱ्या दिवशी तिला ऐकवला. त्यावरच टायटल साँग उभं राहिलं. 'रिहॅब'ची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, रस्त्यानी चालताना तिनी घरच्यांनी व्यसनमुक्तीला जायला कसं सांगितलं आणि आपण कसं नाही म्हटलं ते बोलता बोलता सांगितलं आणि रॉन्सनला त्यातच गाण्याचा मुखडा ऐकू आला. तिनी ते आधी संथ बारा बारच्या (बार म्हणजे तालाचं एक माप) ब्लूजसारखं बांधलं होतं, मग वेग वाढवला.

इथे तुमच्यासारख्या घरी काम करणाऱ्याला उपयोगी अशी एक गोष्ट आहे. रॉन्सननी आधी डेमो बनवले आणि मग ते डेमो घेऊन ब्रुकलिनमधल्या बुशविकला डॅपटोनच्या स्टुडिओत गेला. डॅपटोन म्हणजे एका जुन्या दुमजली घरात थाटलेलं लेबल आणि स्टुडिओ, गॅब्रिएल रॉथ आणि सॅक्सोफोनवाला नील शुगरमन यांनी उभं केलेलं, आणि त्यांचा बँड डॅप-किंग्ज, जो गायिका शॅरन जोन्सच्या मागे वाजवायचा. ही मंडळी रेट्रोची फॅशन म्हणून ते करत नव्हती, त्यांना तसंच वाजवायला आवडायचं आणि वर्षानुवर्षं ते तसंच वाजवत होते, टेपवर, मोजक्या ट्रॅकमध्ये. ड्रमवर होमर स्टाइनवाइस, बासवर निक मोव्हशन, गिटारला बिंकी ग्रिपटाइट आणि थॉमस ब्रेनेक. ऱ्हिदम सेक्शन एका खोलीत एकत्र वाजवला. म्हणजे ड्रमच्या माईकमध्ये थोडा पियानो, पियानोच्या माईकमध्ये थोडी गिटार, असं सगळं एकमेकांत सांडलेलं. आपण याला ब्लीड म्हणतो आणि आयुष्यभर ते टाळायला शिकतो. पण तेच सांडणं अख्ख्या बँडला एका जागेत बसवतं, कानाला कळतं की ही माणसं एकमेकांसमोर बसलीयेत. लॅपटॉपवर प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या सँपल लायब्ररीतून (आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहातून) येतं, प्रत्येकाची खोली वेगळी, मग त्यावर एक टेपचा प्लगइन फिरवला म्हणून ते एका घरात राहायला येत नाहीत.

ड्रमकडे नीट कान द्या. 'यू नो आयम नो गुड' सुरुच नुसत्या ड्रमनी होतं. आजच्या पद्धतीप्रमाणे किटवर आठ-दहा माईक लावले की प्रत्येक ड्रम स्वतंत्र आणि मोठा येतो. इथे तसं नाही, किट एक वाद्य म्हणून ऐकू येतं, छोटं, सुकं, दाबलेलं. असं मोजक्या माईकनी घ्यायचं तर बॅलन्स वाजवणाऱ्याच्या हातात असतो, मिक्सरच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) नाही. ड्रमरनी हाय-हॅट (स्टँडवरची झांजांची जोडी) जोरात मारला तर तुम्ही नंतर तो कमी करूच शकत नाही. म्हणून असे ड्रमर झांजा हळू वाजवतात, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मधोमध आणि दर वेळी तसाच मारतात, आणि फिल म्हणजे मधल्या भरीच्या जागा जवळजवळ घेतच नाहीत. आमच्याकडे येणारे चांगले चांगले ड्रमरसुद्धा इथे अडकतात, दर चार बारनंतर हात शिवशिवतो. न वाजवणं हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पण मग ते सगळं नुसतंच १९६५ सारखं का वाटत नाही? कारण खालची बाजू २००६ ची आहे. रॉन्सन डीजे होता, रेमी रॅपर नासबरोबर काम केलेला हिप-हॉपचा माणूस, दोघांचे कान किक आणि बासवर. टॉम एल्महर्स्टच्या मिक्समध्ये जो भरीव लो एंड (खालच्या सुरांचा भाग) आहे तो जुन्या रेकॉर्डवर असायचाच नाही, तेव्हा सुई उडेल या भीतीनी खालचे सूर आवरते ठेवायला लागायचे. व्होकल पण बघा, पुढे, जवळ, शब्दन् शब्द कळणारा. वरती व्हायोलिनं, घंटा, ब्रास असा जुना थाट आणि मधोमध २००६ च्या लंडनच्या मुलीची बोली, शिव्यांसकट. तो विरोधाभास काढून टाकला तर अल्बम नुसता पोशाखी झाला असता. नंतर आलेल्या कितीतरी रेट्रो अल्बमचं तेच झालं, ब्रास आहे, खंजिरी आहे, काळे काजळाचे डोळे आहेत, पण शब्द कोणाचेच नाहीत.

रेमीची गाणी वेगळ्या वाटेनी आलीत आणि तुम्हाला ती जास्त कामाची. तिथे अख्खा बँड एका खोलीत बसवण्यापेक्षा थोडी माणसं थर चढवत गेली. रेमी स्वतः बरीच वाद्यं वाजवतो, आणि व्हिन्सेंट हेन्री नावाचा जबरदस्त वादक आहे, सॅक्सचे प्रकार, बासरी, क्लॅरिनेट, गिटार, सगळं तो वाजवतो. म्हणजे ओव्हरडब करूनही हे जमतं, फक्त हात माणसाचे हवेत. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' हे त्यातलं माझं लाडकं. मुळात ती संथ, रडवेली चाल होती, तिच्या जाण्यानंतर २०११ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या संग्रहात ती मूळ आवृत्ती ऐकायला मिळते. रेमीनी तेच शब्द अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसनच्या १९६७ च्या मोटाउन गाण्याच्या, मार्विन गे आणि टॅमी टेरेलनी गायलेल्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'च्या कॉर्डवर बसवले. प्रेम तुटल्याचं गाणं आणि खाली उड्या मारणारा बँड. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका, अरेंजमेंट म्हणजे काय हे त्या सात-आठ मिनिटांत जितकं कळतं तितकं कुठल्या कोर्समध्ये कळत नाही. 'मी अँड मिस्टर जोन्स'मध्ये डू-वॉपची झुलती बारा-आठची लय, 'जस्ट फ्रेंड्स'मध्ये चक्क रेगेची झाक. एकसारखा अल्बम वाटतो खरा पण आत खूप वेगवेगळं चाललंय.

कॉर्डबद्दल बोलायलाच हवं कारण तुमच्या ट्रॅकमध्ये दर बारला नवा कॉर्ड आहे असं तुम्हीच लिहिलंय. टायटल साँग डी मायनरमध्ये आहे आणि मुख्य कॉर्ड चार, डी मायनर, जी मायनर, बी फ्लॅट, ए सेव्हन. बस्स. सगळी गंमत शेवटच्या ए सेव्हनमध्ये आहे. डीला षड्ज धरा, त्या कॉर्डमधला सी शार्प म्हणजे शुद्ध निषाद, बी फ्लॅट म्हणजे कोमल धैवत, कोमल गंधार तर आहेच. हार्मोनिक मायनर, म्हणजे आपल्या कीरवाणीचेच सूर. तुमची बहीण शास्त्रीय शिकलीये तर तिला हे लगेच हाताला लागेल, कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर जाताना जी ओढ लागते आणि मग षड्जावर आल्यावर जे सुटल्यासारखं होतं, ते प्रत्येक फेरीत परत परत होतंय, आणि चार कॉर्ड फिरत राहिल्यामुळे त्या बाईची सुटका होतच नाही असं वाटतं. मध्ये एके ठिकाणी लय थांबते, घंटेसारखा टोला पडतो आणि ती एकच शब्द परत परत म्हणते. तिथे काहीही भरलेलं नाही. तुमच्या ट्रॅकमध्ये अशी एक रिकामी जागा दाखवा बरं मला.

आता गळा. लोक तिची नक्कल करतात म्हणजे खर्ज आणि नाकातली घासाघीस करतात, उच्चार मुद्दाम तोंडात घोळवतात. ते सोडून द्या. ऐकायचंय ते हे की ती बीटवर नसते. बँड बीटवर ठाम, आणि ती त्याच्या जरा मागे, ओळ उशिरा सुरू करते आणि मधले शब्द भराभर टाकून शेवटी बरोबर जागेवर पोचते. आपल्याकडे ठुमरी किंवा नाट्यपद रंगात आलं की बोल लयीच्या मागे रेलवून गातात आणि तरी समेला चुकत नाहीत, बहिणीला याच भाषेत सांगा, तिला ते कळेल. पण हे जमायला खालची लय दगडासारखी लागते. तुमच्या ट्रॅकमध्ये ड्रमवर "ह्यूमनाइज" (ठोके मुद्दाम थोडे मागेपुढे करणारी सोय) लावून तुम्ही बीटच डळमळीत केलाय, आता ती रेलणार कशावर? आणि नंतर तिचा आवाज ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या बीटच्या रेघांवर) ओढून सरळ केलात, म्हणजे जे थोडंफार होतं तेही गेलं. पिच ट्यूनिंगचंही, म्हणजे सॉफ्टवेअरनी सूर दुरुस्त करण्याचंही तसंच. सोलमध्ये सुराच्या खालून वर सरकणं हेच तर गाणं आहे, ते सॉफ्टवेअरला चूक वाटतं.

मुंबईत हे काही परकं नाही हे पण सांगतो. ५०-६० च्या दशकात आपल्या सिनेमाची गाणी अशीच व्हायची, ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा मेहबूबला अख्खा ऑर्केस्ट्रा एका हॉलमध्ये, गाणारी त्याच वेळी माईकवर, आणि बॅलन्स हा कोण माईकपासून किती लांब बसलंय त्यावर. त्या ऑर्केस्ट्रात गोव्याची माणसं किती होती! सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्व्हिस, आणि ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, जो हॉटेलात जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांबरोबर रेकॉर्डिंगला पण असायचा. कोकणी गाण्यात संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्नानी जे केलं ते तर ऐकाच, जॅझचा बँड आणि आपल्या मातीचा गळा एकत्र कसा बसतो याचं उत्तर तिथे फार आधीच दिलेलं आहे. म्हणून मला वाटतं तुमच्या बहिणीनी इंग्लिशमध्येच गावं असं काही नाही. मराठीत लिहा, पण भावगीताच्या वहीतले शब्द नकोत, ती मैत्रिणीशी फोनवर बोलते तसे हवेत. अ‍ॅमीच्या गाण्यांत चिप्स येतात, बिअर येते, टी-शर्ट येतो. तुमच्या गाण्यात काय येतं ते तुम्ही बघा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. प्रोजेक्ट बंद करा आणि तीन माणसं शोधा, ड्रम, बास, आणि पियानो किंवा गिटार. कॉलेजचे चालतील, भारी वाजवणारे नकोत, कमी वाजवणारे हवेत. चार कॉर्डच्या वर जायचं नाही. बहिणीला गायला लावून पट्टी ठरवा आणि तिला आरामात वाटते त्यापेक्षा अर्धा-एक स्वर खाली जाऊन बघा, सोलमध्ये बोलण्याच्या जवळचा आवाज लागतो. रेकॉर्डिंगच्या आधी तालमी करा, इतक्या की कोणालाच कागद बघायला लागू नये, आणि प्रत्येक तालीम मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. मोबाईलवरच्या त्या खराब रेकॉर्डिंगमध्ये जर गाणं चालत नसेल तर कुठलाही स्टुडिओ त्याला चालवू शकणार नाही.

खोली मोठी नको, पण घुमणारी तर अजिबात नको. गाद्या उभ्या करा, जाड पडदे, सतरंजी. स्नेअरवर पातळ टॉवेलचा तुकडा, किकमध्ये उशी. ड्रमला एक माईक ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या आसपास, स्नेअर आणि किक दोन्हीकडे बघणारा, फार तर किकला दुसरा. दोन लावले तर फेज तपासाच (दोघांतले आवाज एकमेकांना खोडतात का ते), एकाची पोलॅरिटी म्हणजे सिग्नलची दिशा उलटी करून जिकडे लो एंड जास्त भरतो ते ठेवायचं. बासला जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, नाहीतर ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा, सूर लगेच छोटा आणि गोल होतो. गिटारचा अँप छोटा आणि आवाज कमी. सगळे एकत्र वाजवा, एकमेकांकडे बघत, बहिणीला त्याच वेळी गाऊ द्या, तिचा आवाज नंतर परत घ्या हवं तर. अल्बमवरही गळा आणि बँड वेगळ्या वेळी रेकॉर्ड झालेत, व्हायोलिनं तर लंडनला मेट्रोपोलिस स्टुडिओत, ख्रिस एलियटच्या अरेंजमेंटवर. पण बँड वाजवताना त्याला गाणं ऐकू यायला हवं, नाहीतर तो गाण्याच्या अंगावर वाजवतो. आख्खे टेक (गाणं एका दमात वाजवलेली रेकॉर्डिंग) घ्या, तुकडे जोडू नका, आणि ज्या टेकमध्ये गाणं पोचलं तो निवडा, त्यात एखादी काठी चुकली असली तरी.

ब्रास परवडत नसेल तर सँपलचा ब्रास टाकू नका, तो सगळ्यात आधी पकडला जातो. एक खरा सॅक्सवाला बोलवा, दोन-तीनदा वेगवेगळ्या अंतरावर उभं करून थर चढवा. बँडवाल्यांमध्ये उत्तम क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाजवणारे आहेत, लग्नाचा सीझन सोडून विचारा आणि पैसे नीट द्या.

मिक्सला मग फार काम उरत नाही. आधी सगळं मोनोत (डावं-उजवं एकच करून) बसवा. झांजांवर वरचं थोडं उतरवा, बास आणि किक मात्र मोकळे सोडा, तिथे जुनं व्हायचा हट्ट नको. गळ्यावर एक कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), गरजेपुरता, आणि एकच प्लेट रिव्हर्ब (धातूच्या पत्र्यासारखा घुमारा), थोडा प्री-डिले देऊन, घुमारा जरा उशिरा सुरू झाला की शब्द पुढे राहतात. खंजिरीला मात्र बिनधास्त भिजवा. टेपचा प्लगइन लावायचाच असेल तर आता लावा, आणि बंद करून पण ऐका. बंद असतानाही ट्रॅक चांगला वाटला पाहिजे.

यशाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, कारण असा साऊंड आज चालेल का ही तुमची शंका रास्त आहे. २००७ च्या जानेवारीत अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला, त्या वर्षी तिथे सगळ्यात जास्त खपला, अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत पोचला, जगभर दीड कोटीच्या वर प्रती गेल्या. २००८ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत ५ ग्रॅमी, रेकॉर्ड ऑफ द इयर आणि साँग ऑफ द इयर दोन्ही 'रिहॅब'ला, आणि त्या रात्री ती लंडनहून सॅटेलाइटवर गायली. रॉन्सनलाही प्रोड्यूसरचं ग्रॅमी मिळालं. आणि हे त्या काळात, जेव्हा रेडिओवर सगळं चकचकीत प्रोग्रॅमिंग होतं. अल्बम चालला तो साऊंडच्या जुनेपणामुळे असं मला वाटत नाही, लोकांना त्यात एक माणूस ऐकू आला. २३ जुलै २०११ ला ती गेली, २७ व्या वर्षी, आणि अजूनही ती गाणी लावली की मला तिच्याबद्दल वाईट वाटतं, तिच्या दुःखाला स्टाइल म्हणून विकणारे बघितले की राग येतो. बहिणीला ते दुःख उसनं घ्यायला लावू नका.

तालमीची रेकॉर्डिंग झाली की टाका इथे, मी ऐकून सांगतो. मोबाईलवरची चालेल, फक्त त्यावर काहीही प्रोसेस करू नका.